वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाची नोंदवही

मागच्या महिन्यात आमच्या वृद्धाश्रमात सहायक व्यवस्थापकाच्या जागेसाठी नऊ जणांच्या मुलाखती झाल्या. लातूर जिल्ह्यातील आमची संस्था लहान आहे. चाळीस निवासी आहेत, त्यांतले अकरा जण अंथरुणाला खिळलेले आहेत, आणि सेविका, स्वयंपाकी, रात्रीचा रखवालदार धरून कामाला सतरा माणसे आहेत. आलेल्या उमेदवारांपैकी बहुतेकांनी आपल्याला सेवेची आवड आहे, म्हातारी माणसे आपल्याला देवासारखी वाटतात, असे सांगितले. त्यांच्या भावनेविषयी मला शंका घ्यायची नाही. मात्र मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. रात्री दोन वाजता एक आजोबा न्हाणीघरात पडले, सेविकेने त्यांना उठवून पलंगावर निजवले, आणि सकाळी ते स्वतःच "मला काई झालं न्हाई" म्हणत चहा पीत बसले आहेत. अशा वेळी तुम्ही नोंदवहीत काय लिहाल आणि त्यांच्या मुलाला काय कळवाल?

सात जणांनी उत्तर दिले की आजोबा ठीक असतील तर उगाच घरच्यांना घाबरवू नये. एकाने सांगितले की तो आधी त्या सेविकेचा त्या दिवसाचा पगार कापेल. नववी उमेदवार एका खासगी रुग्णालयाच्या अपघात विभागात चार वर्षे काम केलेली मुलगी होती. तिने मलाच उलट विचारले, "पडताना डोकं आपटलं का, आणि आजोबांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?" आम्ही तिला घेतले. ती गेल्या आठवड्यात रुजू झाली, आणि तिला काम समजावून सांगताना माझ्या लक्षात आले की गेल्या बारा वर्षांत मी जे नियम पाळायला शिकले, त्यांतले बरेचसे मी कधी सलग लिहून काढलेलेच नाहीत. म्हणून हे लिहीत आहे.

आपल्याकडे एक घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. लातूर, नांदेड किंवा बीडमध्ये 'नर्सिंग होम' म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर बाळंतपणाचा दवाखाना येतो, आणि तसे वाटण्यात काही चूकही नाही. 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आजारी, जखमी आणि बाळंतीण यांची जिथे सोय होते त्या जागांसाठी आहे. म्हाताऱ्या माणसांचे कायमचे घर त्याच्या नजरेसमोर नव्हते. आमच्यासारख्या संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासांच्या असतात. त्यामुळे हिशेबाची तपासणी दरवर्षी होते, पण पाठीला जखम झालेल्या आजींची तपासणी कोणी केव्हा करायची, हे त्या नोंदणीतून ठरत नाही. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 19 सांगते की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम स्थापन करू शकते आणि अशा वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनासाठी दर्जा व सेवा ठरवून देऊ शकते. 'करू शकते' आणि 'केले पाहिजे' यांतले अंतर कायदा वाचताना लहान वाटते, पण संस्था चालवताना ते फार मोठे असते. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ज्येष्ठांच्या निवासी संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद होती, परंतु ते विधेयक मंजूर झाले नाही.

परिणामी, वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक होण्यासाठी आपल्याकडे परीक्षा नाही आणि परवानाही नाही. केस कापणाऱ्याच्या दुकानाला परवाना लागतो, पण चाळीस परावलंबी माणसांच्या रात्री सांभाळणाऱ्याला तो लागत नाही, हे मला कधीच पटलेले नाही. अमेरिकेत 1967 च्या कायदादुरुस्तीने नर्सिंग होमच्या प्रशासकाला राज्याचा परवाना सक्तीचा केला. तिथे त्याला परीक्षा द्यावी लागते आणि बहुतेक राज्यांत अनुभवी प्रशासकाच्या हाताखाली काही महिने उमेदवारीही करावी लागते. एवढे असूनही तिथल्या अनेक संस्थांची अवस्था वाईट होती. 1986 मध्ये तज्ज्ञांच्या समितीचा अहवाल आला आणि 1987 मध्ये निवाशांचे हक्क स्पष्ट शब्दांत सांगणारा कायदा झाला. म्हणजे केवळ परवान्याने सगळे होते असे मी म्हणत नाही. परंतु परवाना असला की निदान एका माणसाचे नाव कागदावर असते आणि त्याला जाब विचारता येतो. आपल्याकडे सगळ्यांचाच सेवाभाव असतो, आणि म्हणूनच चूक कोणाची हे कोणालाच ठरवता येत नाही.

मुलाखतीतला प्रश्न मी हवेतून काढलेला नव्हता. व्यवस्थापक म्हणून माझे पहिले वर्ष चालू होते. त्याआधी मी अठरा वर्षे सरकारी रुग्णालयात परिचारिका होते (आजही इथले निवासी मला 'सिस्टर' म्हणूनच हाक मारतात), त्यामुळे मला सगळे येते अशी माझी समजूत होती. रुजू झाल्यावर मी एक नियम केला होता. सेविकेच्या पाळीत निवासी पडला, तर तिच्या पगारातून शंभर रुपये कापायचे. सेविका जास्त सावध राहतील, असा माझा हिशेब होता, आणि पहिल्या तीन महिन्यांत पडण्याच्या नोंदी खरोखरच जवळजवळ थांबल्या. विश्वस्तांच्या बैठकीत मी तो आकडा मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला होता.

चौथ्या महिन्यात एका सकाळी नाश्त्याला औसा तालुक्यातल्या एका आजी आल्या नाहीत. सेविका म्हणाली, त्यांचे पोट बरे नाही. दुसऱ्या दिवशीही त्या उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी स्वतः गेले आणि पांघरूण बाजूला केले, तेव्हा त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले होते. खुब्याचे हाड मोडल्याची ही खूण परिचारिकेच्या पहिल्या वर्षात शिकवली जाते. आजी दोन रात्री आणि दोन दिवस मोडलेल्या हाडाने पडून होत्या, आणि सेविकेला पगाराचे नुकसान होऊ नये म्हणून त्या स्वतःही गप्प राहिल्या होत्या. "तिचं लेकरू शाळेत जातंय, सिस्टर," एवढेच त्या मला म्हणाल्या. शस्त्रक्रिया झाली, पण त्या पुन्हा चालल्या नाहीत.

त्या सेविकेला काढून टाकावे असे विश्वस्तांचे म्हणणे पडले. मी त्यांना लेखी कळवले की ती लपवाछपवी माझ्या नियमाने घडवली आहे, आणि दोष लिहायचाच असेल तर आधी माझ्या नावावर लिहावा. त्या आठवड्यात कापाकापीचा नियम रद्द झाला. आता आमच्याकडे उलट पद्धत आहे. पडल्याची नोंद घटनेनंतर तासाभरात झाली पाहिजे. ती करणाऱ्याला शिक्षा होत नाही, नोंद दडवणाऱ्याला होते. पडलेल्या माणसाला लगेच ओढून उठवायचे नाही. आधी तो शुद्धीवर आहे का, कुठे दुखते, पाय हलतो का हे पाहायचे, डोक्याला मार असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर वरून काही दिसत नसले तरी डॉक्टरांना कळवायचे, आणि घरच्यांना त्याच दिवशी फोन करायचा. हे बदलल्यावर पहिल्याच महिन्यात नोंदी शून्यावरून नऊवर गेल्या. त्या नऊपैकी पाच घटना पहाटे चार ते सहाच्या दरम्यान, संडासाच्या वाटेवरच्या एकाच उंबऱ्यापाशी घडलेल्या होत्या. आम्ही तो उंबरा फोडून टाकला, भिंतीला धरायला दांडा बसवला आणि तिथे रात्रभर जळणारा दिवा लावला.

कोणतीही संस्था बघायला गेले की मी अजूनही पडण्याची वही मागते. एखाद्या वर्षात एकही नोंद नसेल तर मला तिथे काळजी वाटते.

बांधून ठेवण्याविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्याकडे ते क्रूरपणा म्हणून केले जात नाही, काळजीपोटीच केले जाते. आजोबा नळी ओढतात म्हणून हात पलंगाला बांधतात, आजी रात्री उठून चालू लागतात म्हणून कमरेला साडीचा पट्टा बांधतात, आणि घरचे लोकही "बांधा, पण पडू देऊ नका" असे सांगून जातात. आमच्याकडे पंच्याऐंशी ओलांडलेल्या एक आजी होत्या. त्यांना स्मृतिभ्रंश होता. रात्री फाटकाचा आवाज झाला की त्या उठत, दाराला आतून कडी घालत आणि पलंगाखाली जाऊन बसत. एका रात्री सेविकेने त्यांचे हात बांधले. सकाळी त्यांनी मला विचारले, "मला कामून बांधलं गं माय, मी काय केलं?" त्यांच्या मनगटावर वळ होते.

त्यांच्या भाच्याशी बोलल्यावर उलगडा झाला. 1948 साली त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन निजामाची राजवट संपण्याआधीच्या त्या महिन्यांत, रात्री दारावर थाप पडली की रझाकार आले असे समजून त्यांची आई त्यांना धान्याच्या कणगीमागे लपवत असे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतर आमच्या फाटकाची कडी त्यांना तिथेच नेऊन सोडत होती. आम्ही फाटकाच्या कडीला रबर लावले, रखवालदाराला रात्री दहानंतर फाटक आपटू नको म्हणून बजावले, आणि आजी उठल्याच तर सेविकेने "गेले सगळे, दार लावून घेतलंय" असे म्हणून त्यांच्याजवळ बसायचे ठरवले. पुढच्या दीड वर्षात त्यांना पुन्हा बांधावे लागले नाही. अमेरिकेच्या 1987 च्या कायद्यात शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी माणसाला बांधता येणार नाही आणि त्यासाठी औषधेही देता येणार नाहीत, असे स्पष्ट म्हटले आहे. रात्रपाळीला माणूस कमी आहे म्हणून सगळ्यांना झोपेची गोळी देणे हे बांधण्याचेच दुसरे रूप आहे, आणि व्यवस्थापकाने औषधांची यादी चाळताना ते ओळखले पाहिजे. मी प्रवेशाच्या अर्जात तेव्हापासून एक पूर्ण पान जोडले आहे. माणूस कुठे जन्मला, काय काम केले, कशाला घाबरतो, कोणत्या भाषेत स्वप्ने पाहतो, हे त्यात लिहून घेतो. देगलूरकडचे आमचे एक आजोबा ताप चढला की फक्त तेलुगू बोलतात, हे त्या पानावर नसते तर त्यांना पाणी हवे आहे हे कोणाला कळले नसते.

औषधांबाबत थोडक्यात सांगते, कारण हे रुग्णालयात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ आणि योग्य मार्ग, आणि दिल्यानंतर सही. देण्याआधी केलेली सही ही खोटी सही होय.

बेडसोरविषयी, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांविषयी, मात्र थोडे जास्त. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. दाते आम्हाला हवेच्या गाद्या आनंदाने देतात आणि त्यांचा उपयोगही होतो, पण गादी आली की कूस बदलणे हळूहळू थांबते, असा माझा अनुभव आहे. जखम होण्याआधी कातडी सांगत असते. टाच, माकडहाड, खुबा या जागी लालसर डाग दिसतो आणि बोटाने दाबल्यावर तो पांढरा पडत नाही. त्या दिवशी तो डाग पाहिला तर दोन दिवसांत बरा होतो, आठवड्याने पाहिला तर कधीकधी माणूस जाईपर्यंत भरत नाही. म्हणून कूस बदलल्याची वेळ लिहिण्याचा तक्ता पलंगालाच लावलेला असावा, कार्यालयात नव्हे, आणि व्यवस्थापकाने तो अवेळी जाऊन पाहावा. मी महिन्यातून चार रात्री न सांगता येते. सुरुवातीला सेविकांना तो अविश्वास वाटला. आता त्या मला चहा करून देतात आणि दिवसभरात न सांगितलेल्या गोष्टी रात्री सांगतात.

आता पैसा आणि जमीन. आमच्या भागात वृद्धाश्रमातल्या माणसाच्या नावावर पुष्कळदा काही ना काही असते. कोणाची तीन एकर कोरडवाहू, कोणाचे गावातले पडके घर, कोणाच्या खात्यात श्रावणबाळ योजनेचे महिन्याला येणारे 1,500 रुपये. भेटायला आलेला मुलगा पिशवीतून पेढे काढतो आणि त्याच पिशवीतून बक्षीसपत्राचा किंवा हक्कसोडपत्राचा कागदही काढतो, हे मी पाहिले आहे. कधी शाईचे पॅडही बरोबर असते. आमच्याकडे आता लेखी नियम आहे की संस्थेच्या आवारात निवाशाने मालमत्तेच्या कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा करण्याआधी त्याने आपल्या पसंतीच्या वकिलाशी एकट्याने बोललेले असले पाहिजे, त्या दिवशी तो शुद्धीत आहे अशी डॉक्टरांची नोंद असली पाहिजे, आणि साक्षीदार म्हणून संस्थेच्या कोणीही सही करता कामा नये. निवाशाला आम्ही हेही सांगतो की 2007 च्या कायद्याच्या कलम 23 प्रमाणे, आपला सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. पण अशी अट होती हे दाखवून द्यावे लागते, म्हणून ती कागदात असलेली बरी, आणि "तोंडी ठरलंय" म्हणणाऱ्या मुलाच्या कागदात ती सहसा नसते.

हाच नियम आम्हालाही लागू आहे, आणि माझ्या मते आधी आम्हालाच लागू आहे. व्यवस्थापकाने निवाशाकडून भेट घेऊ नये, उसने घेऊ नये, त्याच्या मृत्युपत्रात स्वतःचे नाव येऊ देऊ नये, त्याचे एटीएम कार्ड आणि त्याचा पिन क्रमांक कधीही एका हाती ठेवू नये. एका आजींनी त्यांची बोरमाळ माझ्या मुलीच्या लग्नात घालायला म्हणून माझ्या हातात ठेवली होती. त्यांच्या प्रेमात खोट नव्हती. ती परत करताना त्या रडल्या, आणि मीही रडले. पण ज्या बाईच्या हातून निवाशाला तीन वेळचे जेवण, औषध आणि रात्रीची मदत मिळते तिला तो काही देतो, तेव्हा त्या देण्यात भीतीचा अंश किती आणि माया किती हे देणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. निवाशांच्या किरकोळ पैशांचा हिशेब आम्ही दर महिन्याला त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवतो, ज्यांना वाचता येते त्यांनाही.

दात्यांविषयी बोलणे अवघड आहे, कारण आमची चूल त्यांच्यावर चालते. वाढदिवसाला लोक येतात, जिलेबी वाटतात, आजोबांच्या तोंडात घास घालतानाचे फोटो काढतात आणि संध्याकाळपर्यंत ते फोटो सगळ्या तालुक्याच्या मोबाइलवर असतात. आमच्या एका आजोबांनी गावात आपण पुण्याला मुलाकडे आहोत असे सांगून ठेवले होते. एका फोटोने त्यांची ती झाकली मूठ उघडली, आणि ते पुढे कितीतरी दिवस जेवायला पंगतीत आले नाहीत. तेव्हापासून ज्याचा फोटो त्याची आधी परवानगी, आणि चेहरा न दाखवता काढायचा असेल तरीही परवानगी, असा नियम आम्ही फाटकावर लावला आहे. दोन दाते त्यावरून नाराज होऊन तुटले. मधुमेही निवाशांची यादी स्वयंपाकघरात असते आणि जिलेबीऐवजी फळे आणा असे आम्ही फोनवरच सांगतो.

पण जेवणाबाबत उलट बाजूही आहे, आणि नव्या सहायक व्यवस्थापकाशी माझा पहिला मतभेद त्यावरूनच झाला. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या एका वारकरी आजींना एकादशीचा उपास करायचा असतो. त्यांनी चाळीस वर्षे पायी वारी केली आहे. तिचे म्हणणे होते की उपास करू देणे हा निष्काळजीपणा आहे, साखर उतरली तर जबाबदार कोण? तिची भीती बरोबर आहे. तरीही मी आजींना थांबवणार नाही. त्या इथे रुग्ण म्हणून दाखल झालेल्या नाहीत, हे त्यांचे घर आहे, आणि आपल्या घरात उपास धरायला कोणाची परवानगी लागत नाही. आमचे काम त्यानंतर सुरू होते. डॉक्टरांना आधी विचारून त्या दिवसाची गोळी कमी किंवा बंद करायची, थोड्या थोड्या वेळाने भगर, ताक, शेंगदाण्याची आमटी द्यायची, दिवसातून तीनदा साखर तपासायची, आणि ती ठरलेल्या आकड्याखाली गेली तर गूळपाणी घ्यायचे हे आजींकडून आदल्या दिवशीच कबूल करून घ्यायचे. "इठ्ठल काही कमी-जास्त धरत न्हाई," असे म्हणून त्या ते कबूल करतात. हे सगळे लिहून त्यावर त्यांचा अंगठा आणि माझी सही होते. माणसाला धोका पत्करण्याचा हक्क आहे, आणि तो त्याने डोळे उघडे ठेवून पत्करावा एवढी व्यवस्था करणे माझ्याकडे आहे. तिला हे अजून पूर्ण पटलेले नाही.

मराठवाड्यात व्यवस्थापकाला पाण्याचा हिशेब आलाच पाहिजे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा देशभर त्याची बातमी झाली. आम्ही त्या दिवसांत टँकरची वाट पाहत अकरा परावलंबी माणसांची अंथरुणे बदलत होतो. पाणी कमी पडले की आधी आंघोळ थांबते, मग कपडे धुणे, आणि मग नकळत माणसे पाणी पिणे कमी करतात, कारण लघवीला उठावे लागू नये असे त्यांना वाटते. म्हातारपणी तहानेची जाणीव मुळातच कमी झालेली असते. बेचाळीस अंशांच्या उन्हात त्याचा परिणाम दोन दिवसांत दिसतो. माणूस बरळू लागतो, आणि लोक म्हणतात वय झाले. म्हणून मार्च ते जून आमच्याकडे पाणी विचारून दिले जात नाही, वेळ लावून दिले जाते. पाच दिवसांचा साठा टाकीत नेहमी असतो, त्यातला पिण्याचा वेगळा.

किल्लारी परिसरातले तीन निवासी आमच्याकडे आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात त्यांच्या घरातली माणसे गेली. या तिघांतले एक आजोबा आजही स्लॅबखाली झोपत नाहीत. नियमाप्रमाणे प्रत्येक निवाशाला खोलीत पलंग असला पाहिजे, आणि तो त्यांना आहे. पण ते झोपतात पत्र्याच्या ओसरीत, आणि तिथे आम्ही मच्छरदाणी, दिवा आणि हाक मारायची घंटा बसवली आहे. वर्षातून दोनदा सगळ्यांना बाहेर काढण्याचा सराव होतो, त्यातली एक वेळ मुद्दाम रात्रीची असते. कोणाला कोण उचलणार, ऑक्सिजनचे यंत्र कोण घेणार, हे नावानिशी भिंतीवर लिहिलेले आहे.

काढून टाकण्याविषयी एक गोष्ट. पैसे थकले, स्वभाव जुळला नाही, आजार वाढला, अशा कारणांनी "उद्या घेऊन जा" असा फोन करणाऱ्या संस्था मला ठाऊक आहेत. बीडकडच्या ज्या म्हाताऱ्यांची मुले दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली असतात, त्यांच्या घराला चार-पाच महिने कुलूप असते. त्यांना नेणार तरी कोण? आमच्याकडे तीस दिवसांची लेखी सूचना, तिचे कारण, आणि पुढची सोय कुठे झाली आहे याची खात्री झाल्याशिवाय कोणालाही बाहेर पाठवत नाही. 14567 हा ज्येष्ठांच्या मदतीचा क्रमांक दर्शनी भागात मोठ्या अक्षरांत लावलेला आहे, आमच्याविरुद्ध तक्रार करायची असली तरी चालेल, असे खाली लिहून.

मृत्यूनंतर काय, हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशी विचारायला माझीही जीभ अनेक वर्षे रेटली नाही. आमच्या भागात लिंगायत समाजात दफन करतात, मुसलमान निवासीही आहेत, आणि मध्यरात्री नातेवाईक फोन उचलत नसताना अंदाजाने काही ठरवणे हा अपराधच ठरेल. आता अर्जाच्या शेवटच्या पानावर ते विचारतो. दहन की दफन, कोणत्या गावच्या मातीत, कोणाला कळवायचे आणि कोणाला कळवायचे नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण सर्वांत आधी देतात.

नव्या सहायक व्यवस्थापकाला मी अजून खुर्ची दिलेली नाही. पहिले पंधरा दिवस तिने फक्त रात्रपाळी करायची, सेविकांबरोबर कूस बदलायची, आणि जे दिसेल ते वहीत लिहायचे, एवढेच काम तिला दिले आहे. आज सकाळी मी वही उघडली. तिच्या अक्षरात रात्री 3.20 ची नोंद होती. चौदा क्रमांकाच्या आजींच्या डाव्या टाचेवर रुपयाच्या नाण्याएवढा लाल डाग, दाबल्यावर पांढरा होत नाही, एकच्या फेरीत कूस बदललेली नव्हती, ती माझ्याकडून राहिली. खाली सही होती. मी आजींची टाच पाहिली, पोटरीखाली उशी देऊन ती गादीपासून उचलून ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावला.